लैंगिक अत्याचारानंतर इंदूरमध्ये सरकारी खर्चाने उपचार, आधार आणि भरपाई: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

“केस संपली की सरकार काहीतरी देतं म्हणे.” रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत कुठल्याही मराठी घरात हे वाक्य कानावर आलं की मला कळतं, इथे बरेच महिने आणि बरेच पैसे वाया गेलेले असणार. खरं तर उपचार पहिल्या मिनिटापासून फुकट असतात. भरपाईचा पहिला हप्ता खटला उभा राहायच्या आधी मागता येतो. घोटाळा होतो तो क्रमात.

दुसरा घोटाळा असा की लोकांना वाटतं, सरकारी मदत म्हणजे एकच काहीतरी आहे आणि पोलीस ती मिळवून देतात. तसं नाही. खिसे वेगवेगळे आहेत. उपचारांचा खर्च रुग्णालयाकडे. समुपदेशन आणि तात्पुरता निवारा वन स्टॉप सेंटरकडे (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदतकेंद्र), तो पैसा केंद्र सरकारच्या निर्भया निधीतून येतो. रोख भरपाई जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. प्रत्येक खिशाचं दार वेगळं, आणि एका दारावरचा माणूस दुसऱ्या दाराचा पत्ता सांगेलच असं नाही. म्हणून हा लेख दारांच्या क्रमाने लिहिला आहे.

तिसरा घोटाळा खास आपला. पुण्या-नाशिकचे नातेवाईक फोनवर ‘मनोधैर्य’ योजनेचं नाव सांगतात. ती महाराष्ट्राची. गुन्हा इंदूरमध्ये घडला असेल तर तिचा फॉर्म शोधण्यात वेळ घालवू नका. इथल्या कार्यालयांत शब्द आहे ‘पीड़ित प्रतिकर’. ‘नुकसानभरपाई’ म्हणालात तर बाबू मोटार अपघाताच्या खिडकीकडे बोट दाखवील.

## टप्पा १: पहिल्या तासात घरी काय करायचं

आंघोळ नाही, कपडे धुणं नाही, शक्य असेल तर कपडे बदलणंही नाही. बदललेच असतील तर ते पाण्यात टाकू नका. कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओलावा कोंडतो आणि नमुना खराब होतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आधीच आंघोळ केली असेल. घाबरू नका. आंघोळ झाली म्हणून तपासणी नाकारता येत नाही आणि पुरावा संपला असंही होत नाही. दिवस गेले असले तरी जा. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेतले जातात, आणि त्यानंतरही जखमांची नोंद आणि उपचार व्हायचेच असतात.

फोन एकच करायचा असेल तर ११२. रुग्णवाहिका १०८ वर, ती फुकट. बाईला आधी बोलायला कुणीतरी हवं असेल तर १८१, मूल असेल तर १०९८. चारही नंबर लावत बसू नका. एक लावा आणि निघा.

बरोबर घ्यायचं ते थोडं: बदलायचे कपडे, फोनचा चार्जर, एक वही, पेन. ओळखपत्र हाताशी असेल तर घ्या, नसेल तर शोधत बसू नका. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आयुष्मान कार्ड यांपैकी काहीही उपचारांची अट नाही. खिडकीवरचा माणूस सवयीने ‘समग्र’ मागेल. “बाद में देंगे” म्हणायचं आणि पुढे जायचं.

वहीच्या पहिल्या पानावर घरातून निघाल्याची वेळ लिहा. पुढे कुठे किती वाजता पोहोचलात, कोणाशी बोललात, हे सगळं याच वहीत. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ती लागणार आहे.

सावध: सोबत एकच माणूस ठेवा, आणि तो तिने निवडलेला. काका, मामा, शेजारचे आजोबा असे सहा जण रुग्णालयात उभे राहिले की मुलगी सगळ्यांना पुन्हापुन्हा तेच सांगत बसते.

## टप्पा २: आधी रुग्णालय, मग ठाणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक आधी ठाण्यात जातात, तिथे तीन-चार तास बाकावर बसतात, मग लेडी कॉन्स्टेबलबरोबर रुग्णालयात पोहोचतात. तोपर्यंत औषधांची वेळ सरकत असते. कायद्यात असं कुठेही नाही की पोलिसांचा कागद असल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं की रुग्णालय सरकारी असो वा खासगी, बलात्काराच्या आणि पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा) पीडितांना प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार ताबडतोब आणि विनामूल्य द्यायचे, आणि पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाने करायचं. उपचार नाकारणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा होतो, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

इंदूरमध्ये रात्री-बेरात्री सरकारी एम.वाय. हॉस्पिटलची कॅज्युअल्टी उघडी असते. गर्दी असते, बाकावर जागा नसते, हे खरं. तरीही माझं मत एम.वाय. किंवा जिल्हा रुग्णालय असंच आहे. एमएलसी (पोलीस आणि न्यायालयासाठीची वैद्यकीय नोंद), नमुने, एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या या गोष्टी तिथल्या लोकांच्या हातातल्या असतात. जवळच्या नर्सिंग होममध्ये रक्तस्राव थांबवण्यापुरतं जायला हरकत नाही, जीव आधी. पण तिथे “फक्त आमच्या डॉक्टरांना दाखवून येऊ, बोभाटा नको” म्हणून गेलेल्या एका कुटुंबाचे कागद मी पाहिलेत: बिल पूर्ण भरलेलं, एमएलसी नाही, नमुना नाही, आणि पावत्या दिवाळीच्या साफसफाईत गेलेल्या.

काउंटरवर म्हणायचं वाक्य पाठ करून ठेवा, हिंदीतच: “लैंगिक हमले का मामला है, एमएलसी और इलाज दोनों चाहिए, धारा ३९७ में निःशुल्क है।” आवाज चढवू नका. पण पूर्ण वाक्य म्हणा.

आत गेल्यावर क्रम असा असायला हवा.

१. जीवाला धोका असेल तर आधी त्यावर इलाज.

२. संमती. बारा वर्षांवरची मुलगी स्वतः संमती देऊ शकते, त्याखाली पालक. संमती तुकड्यांत देता येते: उपचार हो, बाहेरची तपासणी हो, आतली नाही, असंही चालतं. नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत, नकाराची फक्त नोंद होते.

३. तपासणी आणि नमुने. मूल असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची, आणि पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असायला हवी. ‘दोन बोटांची चाचणी’ कोणी करू लागलं तर तिथेच थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चुकीची ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं सांगितलं.

४. औषधं. याचा वेगळा टप्पा खाली आहे, कारण इथेच रुग्णालयही घाईत चुकतं.

प्रौढ बाईला पोलिसांत तक्रार करायचीच नसेल तर? रुग्णालय पोलिसांना कळवणार, ते त्यांचं कर्तव्य. पण ती “मला आत्ता तक्रार नको” असं लेखी नोंदवू शकते आणि उपचार चालू राहतात. अठरा वर्षांखाली हा पर्याय नाही. तिथे गुन्हा कळवणं सक्तीचं आहे.

निघण्याआधी तपासा: एमएलसी क्रमांक वहीत लिहिला का? तपासणी अहवालाची प्रत मागितली का? ती पीडितेला विनामूल्य द्यायची असते. डॉक्टरचं नाव आणि वेळ टिपली का? बाहेरच्या मेडिकलमधून काही आणायला सांगितलं असेल तर चिठ्ठी आणि पावती दोन्ही ठेवली का?

## टप्पा ३: औषधांचं घड्याळ

हा भाग कंटाळवाणा वाटेल. पण पैसे उशिरा मिळाले तर चालून जातं, ही औषधं उशिरा चालत नाहीत.

गर्भधारणा टाळण्याची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांपर्यंत देतात, पण परिणाम कमी होत जातो. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. हे सांगायला नर्सला वेळ नसतो, म्हणून इथे लिहिलं.

एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांना डॉक्टर ‘पेप’ म्हणतात. त्या ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत, आणि सुरू केल्या की २८ दिवस रोज घ्याव्या लागतात. पहिल्या दिवशी फक्त दोन-तीन दिवसांचा साठा देऊन “बाकी एआरटी सेंटरसे ले लेना” असं सांगितलं, तर ते एचआयव्ही उपचार केंद्र किती वाजता उघडतं, कोणत्या खोलीत, कोणता कागद दाखवायचा, हे तिथेच विचारून वहीत लिहा. गोळ्या मध्येच तुटतात त्या बहुतेक याच जागी. मळमळ होते म्हणूनही मुली सोडून देतात. सोडायच्या नाहीत, डॉक्टरला सांगायचं.

याशिवाय हिपॅटायटिस बी ची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, लैंगिक संसर्गावरची प्रतिजैविकं. पहिल्या दिवसाच्या रक्ततपासणीचे निकाल ‘आधी काही होतं का’ एवढंच सांगतात. पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्या आणि त्या चुकवू नका. त्याही फुकटच आहेत.

पाळी चुकली तर वाट पाहू नका. बलात्कारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत पाडता येतो: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं. २४ च्या पुढे गेलं की उच्च न्यायालयाची इंदूर खंडपीठाची पायरी चढावी लागते, आणि त्यात जाणारा एकेक दिवस मुलीच्या अंगावर पडतो. गर्भपाताआधी तपास अधिकाऱ्याला कळवायला सांगा, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपून ठेवला जाईल. हे राहून गेलं तर पुन्हा करता येत नाही.

तपासा: ‘पेप’चे २८ दिवस कॅलेंडरवर मांडले का? लसीच्या पुढच्या मात्रांच्या तारखा?

## टप्पा ४: एफआयआर, आणि त्याची प्रत

इथे लांबण लावत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. आपल्याकडे पोलीस याला ‘शून्य पर कायमी’ म्हणतात. अशा गुन्ह्यात बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहायचा. टी.आय. साहेब (ठाणेदार) जेवायला गेलेत, उद्या या, हे ऐकून परतू नका; नोंदवायलाच नकार दिला तर तोच मजकूर पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवा. एफआयआर न नोंदवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा आहे, हे मनात ठेवा; सांगत सुटू नका.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. आपली आजी, आई किंवा मुलगी मराठीत सांगते आणि हवालदार पोलिसी हिंदीत लिहितो. त्यात ‘जबरदस्ती’चं ‘बहला-फुसलाकर’ होतं, ‘धमकी दिली’ हे गळूनच जातं. सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या, आणि ते तिच्याच शब्दांत आहे का हे तिला विचारा, काकांना नव्हे.

नाव कसं लिहिलं जातं तेही पाहा. मराठी पद्धतीने आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं सांगतो. आधारवर मधलं नाव नसतं, बँकेत माहेरचं आडनाव असतं, एफआयआरमध्ये सासरचं. भरपाईच्या वेळी बँक याच मुद्द्यावर पैसे परत पाठवते. आधारवर जे आहे तेच एफआयआरमध्ये यावं, एवढा एकच नियम पाळा.

प्रत फुकट मिळते. मोबाइलवर फोटो काढून भागवू नका, शिक्का असलेली प्रत घ्या.

सावध: पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापणं वा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. हे पत्रकारांनाच लागू आहे असं समजू नका. एफआयआरचा फोटो ‘सल्ला हवाय’ म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणारा मामाही यात येतो.

## टप्पा ५: वन स्टॉप सेंटर

सखी वन स्टॉप सेंटरला जायला एफआयआर लागत नाही, पैसे लागत नाहीत. एका छपराखाली समुपदेशन, कायदेशीर सल्ला, पोलीस आणि रुग्णालयाशी गाठ घालून देणं, आणि गरज असेल तर पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. मुलं बरोबर नेता येतात: मुली कुठल्याही वयाच्या, मुलगे बारा वर्षांपर्यंतचे. इंदूरच्या केंद्राचा पत्ता १८१ वर विचारा, गाडीही तिथूनच सांगता येते.

लोक इथे जात नाहीत, कारण त्यांना वाटतं हे बेघर बायकांसाठी आहे. माझा आग्रह आहे की निवारा नको असला तरी एकदा जाऊन नोंद करा. केस क्रमांक मिळतो. पुढे विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज अडला की केंद्रातून गेलेला एक फोन आपल्या दहा खेपांचं काम करतो.

समुपदेशन हिंदीत होईल. आजीला किंवा नुकतीच महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या सुनेला ते जड जात असेल तर मराठी जाणणारी समुपदेशक आहे का, हे आधीच विचारा. इंदूरमध्ये मिळणं अवघड नाही. रात्री झोप लागत नाही, जीव घाबरतो, अशा वेळी १४४१६ वर टेली-मानसची सेवा विनामूल्य आहे.

## टप्पा ६: भरपाईचा अर्ज (इथे घाई नको, पण उशीरही नको)

आता मुख्य गोष्ट. कार्यालयाचं नाव जिला विधिक सेवा प्राधिकरण, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, आणि अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने करायचा. अर्जाला शुल्क नाही. वकील आपल्या खर्चाने लावायची गरज नाही: विधिक सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला विनामूल्य वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मास्तरीण असो, बँकेत अधिकारी असो, हक्क तोच. फोन १५१००.

महिला पीडितांसाठी नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाची, २०१८ ची योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती २ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर लागू झाली. तिच्यातले आकडे: बलात्कारासाठी किमान ४ लाख, कमाल ७ लाख. सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख. बलात्कारातून गर्भ राहिला असेल तर ३ ते ४ लाख. पीडित अल्पवयीन असेल तर ही मर्यादा दीडपट धरायची. प्रौढ पुरुष या योजनेत बसत नाहीत. त्यांनी मध्यप्रदेश अपराध पीड़ित प्रतिकर योजना २०१५ खाली अर्ज करायचा, कार्यालय तेच.

लोक चुकतात ते इथे: ते एकच अर्ज करतात, ‘प्रतिकर मिळावे’ असा. मागणी दोन भागांत लिहायची असते.

पहिला भाग अंतरिम मदतीचा. योजनेप्रमाणे अर्ज हाती पडताच ५,००० रुपये, गरजेनुसार १०,००० पर्यंत, ताबडतोब द्यायचे असतात. त्यापुढची अंतरिम रक्कम कमाल भरपाईच्या २५ टक्क्यांहून कमी नसावी असंही योजनेत आहे. म्हणजे कमाल ७ लाख असेल तर किमान १ लाख ७५ हजार. ही रक्कम निकालाची वाट पाहत नाही आणि आरोपी सापडला नाही म्हणून अडतही नाही. मात्र स्पष्ट शब्दांत मागितली नाही तर फाइल सरळ ‘अंतिम’च्या गठ्ठ्यात जाते.

दुसरा भाग अंतिम भरपाईचा.

अर्ज हिंदीत लिहा. विषयाची ओळ अशी: “धारा ३९६ भारतीय नागरिक सुरक्षा संहिता एवं नालसा महिला पीड़ित प्रतिकर योजना २०१८ के अंतर्गत (क) तत्काल अंतरिम सहायता तथा (ख) अंतिम प्रतिकर हेतु आवेदन।” खाली घटनेचं वर्णन चार ओळींत पुरे. एफआयआर जोडलेली असते. सगळं पुन्हा लिहून स्वतःला सोलून घेऊ नका. त्याऐवजी जागा द्या ती खर्चाला आणि तुटलेल्या गोष्टींना: नोकरी किती दिवस बुडाली, कॉलेजचं सत्र गेलं का, घर बदलावं लागलं का, रोजची ये-जा, समुपदेशन, पुढे लागणारे उपचार. भरपाई ४ लाख की ७, हे ठरवताना हेच पाहतात.

सोबत: एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल किंवा निदान एमएलसी क्रमांक, आधार, पासबुकचं पहिलं पान, असतील तेवढ्या पावत्या. पावत्या नसतील तर अर्ज अडत नाही. झालेला खर्च वहीतल्या तारखांवरून एका पानावर मांडा.

बँक खातं तिच्या एकटीच्या नावाचं असावं. योजनेत संयुक्त खातं चालतं, पण मला ते आवडत नाही. सासऱ्यांबरोबरच्या खात्यात आलेले पैसे घराच्या गिलाव्यात जातात. खातं नसेल तर अर्जाआधी उघडा आणि पासबुक कुणाच्या हाती पडतं तेही बघा.

अर्ज सचिवांच्या कार्यालयात हाती द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. “रख दीजिए, हो जाएगा” ही पावती नव्हे.

सावध: “थानेवालों ने भेज दिया होगा” यावर विसंबू नका. पोलिसांनी एफआयआरची प्रत प्राधिकरणाला पाठवायची असते, ठाणेदार अर्जही करू शकतो. पण तुमच्या हातात आवक क्रमांक नसेल तर अर्ज झालेला नाही असंच धरून चाला.

सावध: दलाल. न्यायालयाच्या आवारात ‘पाच टक्क्यांत मंजूर करून देतो’ म्हणणारा भेटेल. या कामात टक्का नाही.

मुदत तीन वर्षांची आहे, घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून. कारण योग्य असेल तर उशीर माफही होतो. म्हणून जुनी घटना असली तरी विचारून पाहा.

## टप्पा ७: अर्ज दिल्यावर

चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावी असं कायदा सांगतो. पंधरा दिवसांनी एकदा जा आणि विचारताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: आदेश झाला का? निधीची मागणी गेली का? रक्कम खात्यात टाकली का? “चल रहा है” या एका उत्तरामागे तिन्ही अडचणी दडतात. आदेशच झाला नसेल तर सचिवांना स्मरणपत्र. आदेश झाला आणि निधी नाही, तर तो राज्याच्या तिजोरीचा प्रश्न आहे. तिथे लेखी पत्र आणि शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडतो. खिडकीवरच्या बाबूशी भांडून काही होत नाही, तो उद्याही तिथेच असणार आहे आणि आपल्यालाही तिथेच जायचंय.

अर्ज फेटाळला किंवा रक्कम फार कमी वाटली तर ३० दिवसांत जबलपूरच्या राज्य विधिक सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. दिवस आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजतात, म्हणून प्रत घेताना तारीख टाकून घ्या.

आरोपी सुटला तर सगळं संपलं असं नाही; निर्दोष सुटला तरी पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. उलट तक्रारच खोटी असल्याचं न्यायालयाने नोंदवलं तर दिलेली रक्कम वसूल होऊ शकते. साक्ष फिरवायचा दबाव घरातून येतो तेव्हा हे घरातल्यांनाही माहीत असलेलं बरं.

## कोणाचा रस्ता थोडा वेगळा

मूल असेल तर. मुलगा असो वा मुलगी, अंतरिम भरपाई पॉक्सोच्या विशेष न्यायालयाकडे मागायची. न्यायालय स्वतःहूनही देऊ शकतं. २०२० च्या नियमांप्रमाणे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्याने पैसे द्यायचे. त्याआधीच जेवण, कपडे, जाण्या-येण्याचा खर्च अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती शिफारस करते, आणि ती रक्कम आठवड्याच्या आत मिळायला हवी. ही ‘विशेष सहायता’ जवळजवळ कोणी मागत नाही, कारण कोणी सांगत नाही. समितीकडे आधार-व्यक्तीही मागा. पोलिसांत आणि न्यायालयात ती मुलाबरोबर राहते.

अनुसूचित जाती-जमाती. आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं लागली आहेत का, हे एफआयआरमध्ये पाहा. लागली असतील तर वेगळी मदत आहे: बलात्कारासाठी ५ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ८ लाख २५ हजार. निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी आणि पुष्टी करणाऱ्या अहवालानंतर, पाव आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर, पाव खालच्या न्यायालयाच्या निकालानंतर. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. एका योजनेत मिळालेले पैसे दुसऱ्या अर्जात लपवू नका, ते हिशेबात धरले जातात आणि लपवलेलं सापडलं की सगळी फाइल संशयात जाते.

गुन्हा महाराष्ट्रात, मुलगी इंदूरला परत आलेली. पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलींच्या बाबतीत हे होतं. उपचार इंदूरमध्ये, फुकट. एफआयआर इंदूरच्या ठाण्यात शून्यावर, मग ती तिकडे जाते. समुपदेशन इथल्या वन स्टॉप सेंटरमध्ये. रोख भरपाई मात्र जिथे गुन्हा घडला तिथल्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे, आणि इथे मनोधैर्य योजना खरोखर कामाला येते. दोन्हीकडे अर्ज टाकून पाहू, हा विचार सोडा. इंदूरच्या प्राधिकरणातून तिकडे कागद पाठवायला मदत मागा, ती मिळते.

## पैसे आल्यानंतर

सगळी रक्कम हातात येईल असं धरून कर्ज काढू नका. साधारण ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते, २५ टक्के लगेच वापरता येते. अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत, सज्ञान होईपर्यंत, आणि तरीही तीन वर्षांच्या आधी नाही. ठेवीचं व्याज दर महिन्याला बचत खात्यात यायला हवं. पहिले दोन महिने पासबुक भरून ते येतंय का पाहा. नाही आलं तर बँकेच्या मॅनेजरला प्राधिकरणाच्या आदेशातली ती ओळ दाखवा.

शिक्षण किंवा दवाखान्याची गरज पडली तर ठेव मुदतीआधी मोडता येते, पण बँक स्वतःच्या अधिकारात मोडत नाही. त्यासाठी पुन्हा सचिवांकडे अर्ज, सोबत कॉलेजची फीची चिठ्ठी किंवा डॉक्टरचं खर्चाचं अंदाजपत्रक. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का.